चर कुणाचा, रस्ता कुणाचा, अन् परवानगीचा कागद कुठाय?

मंडळी, आज जरा लांब लिहितोय. विषय ऐकायला रटाळ आहे. रस्त्याच्या कडेनं पाइप, केबल टाकायची परवानगी. पण मलकापूरपासून देऊळगाव राजापर्यंत अन् शेगावपासून लोणारपर्यंत जो कुणी मोटारसायकल चालवतो, त्याच्या हाडांशी या विषयाचा थेट संबंध आहे. म्हणून सवड काढून वाचा.

आपल्या जिल्ह्यात रस्त्याची साइडपट्टी शाबूत राहिलेला सलग दहा किलोमीटरचा पट्टा कुणी दाखवावा. एका बाजूनं मोबाइल कंपनीची केबल गेलेली, दुसऱ्या बाजूनं जलजीवनचा पाइप, मधूनच महावितरणचा खांब डांबराला चिकटून उभा. चर खोदला, पाइप टाकला, माती वर लोटली, जेसीबी पुढच्या गावाला. पहिल्या पावसात ती माती खाली बसते आणि डांबराच्या कडेला वीतभर खोल पन्हाळ तयार होते. समोरून ट्रक आला, मोटारसायकलवाल्यानं गाडी खाली घेतली, की चाक त्या पन्हाळीत. पुढचं तुम्हाला सांगायला नको. आपल्या पेपरात अशी बातमी तीन ओळींची येते आणि त्यात 'गाडीवरील ताबा सुटल्याने' असं छापलेलं असतं. ताबा का सुटला, हे कुणी विचारत नाही. पोलिसांच्या पंचनाम्यातही चर क्वचितच असतो.

काम चालू असताना तिथं थांबून विचारलं, "परवानगी आहे का भाऊ?" की उत्तर ठरलेलं. "सरकारी काम हाय, वरून मंजूर हाय." आता 'वरून' म्हणजे कुठून? योजना मंजूर असणं वेगळं आणि रस्ता खोदायची परवानगी असणं वेगळं. घर बांधायला बँकेनं कर्ज मंजूर केलं म्हणून शेजाऱ्याच्या जागेत पाया खोदता येतो का? तसंच आहे हे. पाणी योजनेला प्रशासकीय मान्यता मिळाली, निविदा निघाली, कार्यादेश झाला, सगळं खरं. पण ज्याचा रस्ता आहे त्या खात्याचा लेखी होकार हा वेगळा कागद असतो, आणि तो काम सुरू व्हायच्या आधी लागतो. सरकारी कामालाही लागतो.

सुरुवातीलाच एक स्पष्ट करतो, नाहीतर खाली कुणीतरी लिहील की पत्रकारसाहेब पाण्याच्या विरोधात आहेत. मी पाइपाच्या विरोधात नाही. घाटाखाली संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव, नांदुऱ्याच्या खारपाणपट्ट्यात ज्यानं विहिरीचं पाणी तोंडात घेतलंय, तो पाइपाला विरोध करूच शकत नाही. किडनीच्या आजारानं त्या भागातली घरंच्या घरं पोखरली. वान प्रकल्पावरची १४० गाव पाणीपुरवठा योजना काय उगाच झाली? गोड पाणी लांबून आणायचं तर पाइप टाकावाच लागतो, आणि पाइप रस्त्याच्या कडेनंच जातो, कारण दुसरीकडं सगळी लोकांची वावरं आहेत. १५ ऑगस्ट २०१९ ला जलजीवन मिशन जाहीर झालं. माणशी रोज ५५ लिटर पाणी, घरात नळ, आणि मुदत २०२४. ती मुदत हुकली. २०२५ च्या अर्थसंकल्पात योजना २०२८ पर्यंत वाढवली. म्हणजे तोवर चर खोदले जाणार आहेत. म्हणूनच आता बोललं पाहिजे. सगळं खोदून झाल्यावर बोलून काय फायदा?

आता रस्ता कुणाचा, हे बघू. इथंच अर्धी गंमत आहे. मलकापूर-नांदुरा-खामगाव हा जुना सहा नंबर, आताचा राष्ट्रीय महामार्ग ५३. मलकापूर-बुलडाणा-चिखली-देऊळगाव राजा-जालना हा ७५३-ए. लोणार-मेहकर-खामगाव-शेगाव हा ५४८-सी. हे झाले राष्ट्रीय. त्यातही काहींचा कारभार राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडं, काहींचा सार्वजनिक बांधकाम खात्याच्या राष्ट्रीय महामार्ग शाखेकडं. राज्य महामार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकामकडं. इतर जिल्हा मार्ग आणि गावरस्ते जिल्हा परिषदेकडं. गावात शिरलात की ग्रामपंचायत, शहरात शिरलात की नगरपालिका. समृद्धी महामार्ग रस्ते विकास महामंडळाचा. आणि बुलडाणा-खामगाव रस्त्यासारखा रस्ता ज्ञानगंगा अभयारण्यातून जात असेल तर वनखातं आहेच. (मजा म्हणजे ५३ नंबरच्या चौपदरीकरणाच्या कागदांवर 'अमरावती ते चिखली' असं दिसायचं. आपल्या चिखलीची माणसं खूश व्हायची. ती चिखली मुक्ताईनगरकडची, जळगाव जिल्ह्यातली. रस्ता कुणाचा हे कळणं तर सोडाच, रस्ता कुठला हे कळायलाही आपल्याला वेळ लागतो.)

एका गावाची आठ-दहा किलोमीटरची पाइपलाइन असली तरी ती यातल्या तीन-चार मालकांच्या हद्दीतून जाऊ शकते. प्रत्येकाचा अर्ज वेगळा, नकाशा वेगळा, पैसे भरायची पद्धत वेगळी. हे काम कुणी करायचं? योजनेचा कंत्राटदार म्हणतो खात्यानं करायचं, खातं म्हणतं आम्ही पत्र दिलंय, सरपंचाला कुणी विचारतच नाही. मग पत्राच्या 'आवक' शिक्क्यालाच परवानगी समजून काम सुरू होतं. आपल्या भागातला हा सगळ्यात चालू प्रकार आहे. अर्ज केला म्हणजे परवानगी मिळाली, असं धरून चालायचं. जावक क्रमांकाचं पत्र येतच नाही, आणि कुणाला ते लागतही नाही, जोवर काही घडत नाही तोवर.

कायदा काय म्हणतो? राष्ट्रीय महामार्गांसाठी २००२ चा कायदा आहे, महामार्गाच्या जमिनीवर आणि वाहतुकीवर नियंत्रणाचा. त्याचं कलम ३८ सरळ आहे. महामार्गाच्या जमिनीवर, तिच्या खालून, वरून किंवा आडवं, खांब, तार, केबल, पाइप, नाली असलं काहीही टाकायचं, हलवायचं किंवा दुरुस्त करायचं असेल तर महामार्ग प्रशासनाची लेखी पूर्वपरवानगी पाहिजे. 'लेखी' आणि 'पूर्व' हे दोन शब्द ध्यानात ठेवा.

मग ही परवानगी द्यायची कशी, यासाठी केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयानं २२ नोव्हेंबर २०१६ ला धोरण काढलं. ते मी बसून वाचलंय. तुम्हालाही वाचावंसं वाटेल असं त्यात बरंच आहे. पाइप किंवा केबल टाकायची ती महामार्गाच्या हद्दीच्या अगदी टोकाला, डांबराच्या कडेला नाही. रस्ता ओलांडायचा तर शक्यतो काटकोनात, आणि रस्ता न फोडता, मशीननं खालून आडवं भोक पाडून, म्हणजे आपल्याकडं ज्याला पुशिंग म्हणतात तसं. काँक्रीटचा रस्ता असेल तर खासच. ओलांडणाऱ्या पाइपावरचं आवरण रस्त्याच्या पृष्ठभागापासून निदान १.२ मीटर खाली पाहिजे. रस्ता पूर्ववत करून देण्याची हमी म्हणून बँक गॅरंटी घ्यायची. अर्जदारानं दुरुस्ती केली नाही तर महामार्गवाल्यांनी ती करायची आणि खर्च त्या गॅरंटीतून वसूल करायचा. काम झाल्यावर पाइप प्रत्यक्ष कुठून गेला याचा नकाशा द्यायचा. पुढं रस्ता रुंद झाला तर पाइप स्वखर्चानं हलवायचा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे आपल्या जिल्ह्यात दहा माणसांनाही ठाऊक नसेल. अर्ज आला की तो ३० दिवस लोकांसमोर ठेवायचा आणि सुरक्षितता, गैरसोय, सार्वजनिक हित या मुद्द्यांवर हरकती मागवायच्या. म्हणजे तुमच्या गावाजवळून जाणाऱ्या महामार्गाच्या कडेला कुणी खोदणार असेल तर त्याच्या आधी महिनाभर तुम्हाला ते कळायला हवं, आणि तुम्हाला बोलायचा हक्क आहे. आता केंद्राचं 'राजमार्ग प्रवेश' नावाचं पोर्टलही आहे. पेट्रोल पंपाचा रस्ता असो की पाण्याचा पाइप, अर्ज तिथं करायचा. कागदावर बघितलं तर व्यवस्था वाईट नाही. मग आपल्या साइडपट्टीची ही दशा का?

कारण चर खोदणं सोपं असतं, तो नीट बुजवणं महाग असतं. आपली जमीन काळी. पाण्यानं फुगते, उन्हात आकसते, भेगाळते. अशा मातीत चर घेतला तर पाइपाखाली आणि वर वाळूचा थर, मग मुरूम, तोही थराथरानं, प्रत्येक थराला पाणी मारून दाबायचा. तसं केलं तर दोन पावसाळे गेले तरी जागा हलत नाही. पण तसं करायला वेळ लागतो, मुरूम लागतो, छोटा रोलर किंवा कंपॅक्टर लागतो. त्याऐवजी तीच काढलेली काळी ढेकळं एका फटक्यात वरून लोटून दिली की तासाचं काम पाच मिनिटांत. वर थोडा उंचवटा ठेवायचा, 'बसेल आपोआप'. बसतं ना, आपोआप बसतं. कडेचा आधार गेल्यावर डांबराची कड तुटते, मग तिथून पाणी रस्त्याच्या पोटात शिरतं, आणि सात मीटरचा रस्ता दोन वर्षांत साडेपाच मीटरचा होतो. आपण म्हणतो रस्ता निकृष्ट होता. कधी असतोही. पण कधी रस्ता चांगला असतो आणि शेजारच्या चरानं मारलेला असतो.

आता यात तिघं कसे सुटतात बघा. रस्त्याच्या कंत्राटदारावर काही वर्षांचं दोषदायित्व असतं, तेवढ्या काळात रस्ता खराब झाला तर त्यानं फुकट दुरुस्त करायचा. चर पडला की तो खात्याला पत्र देऊन मोकळा, 'माझ्या कामात तिसऱ्यानं खोदलं, माझी जबाबदारी संपली.' आणि खरं सांगायचं तर त्याचं चुकत नाही. पाइपवाला कंत्राटदार म्हणतो, माझ्या बिलात दुरुस्तीचे पैसे अजून आले नाहीत. खातं म्हणतं, संबंधिताला नोटीस दिली आहे. 'संबंधित' हा आपल्या सरकारी मराठीतला सगळ्यात सुखी माणूस. त्याला नाव नाही, पत्ता नाही, नोटिसा मात्र भरपूर.

पाइपवाल्या कंत्राटदाराला झोडपणं सोपं आहे, मीही बातम्यांतून झोडपलंय आणि पुढंही झोडपीन. पण त्याची बाजूही समजून घ्या. जलजीवनची बिलं थकली म्हणून राज्यभर कंत्राटदारांनी आंदोलनं केली, हे सगळ्यांनी बघितलंय. अंदाजपत्रकात खोदाई आधी, पाइप नंतर, जोडणी त्याच्यानंतर, आणि रस्ता पूर्ववत करणं अगदी शेवटी. पैसे आटले की शेवटचंच काम मरतं. टाकी उभी दिसते, पाइप टाकल्याची नोंद होते, फोटो अपलोड होतात. बुजवलेल्या चराचा फोटो कोण मागतो? म्हणून माझं म्हणणं असं आहे की दुरुस्तीचे पैसे पाइपाच्या बिलात ठेवूच नयेत. ज्या खात्याचा रस्ता आहे त्याच्याकडं ते काम सुरू व्हायच्या आधी जमा झाले पाहिजेत आणि त्या खात्यानं स्वतः दुरुस्ती केली पाहिजे. मग त्याला 'संबंधिता'कडं बोट दाखवता येणार नाही. पैसे घेतले, आता कर.

दुसरी गोष्ट मला जास्त खटकते. मोबाइल कंपन्यांसाठी केंद्रानं २०१६ सालीच रस्त्यातून वाट देण्याचे नियम केले. ठरलेल्या ६० दिवसांत खात्यानं उत्तर दिलं नाही तर परवानगी मिळाली असं मानायचं. मे २०२२ मध्ये त्यांच्या अर्जांसाठी 'गतिशक्ती संचार' पोर्टल आलं. पुढं २०२३ चा दूरसंचार कायदा आला, त्याखालचे नवे नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाले. केबलवाल्याच्या पाठीशी एवढं सगळं उभं आहे. पाण्याच्या पाइपाच्या पाठीशी काय आहे? असा कुठलाच केंद्रीय कायदा नाही. गावाच्या पाण्याचा अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर किती महिने फिरावा याला बंधन नाही. इंटरनेट लागतं, मी ही पोस्ट त्याच्यावरच टाकतोय. पण मेहकर तालुक्यातल्या एखाद्या तांड्यावर उन्हाळ्यात टँकरमागं पळणाऱ्या बाईला विचारा, आधी काय पाहिजे.

माझा सवाल राज्य सरकारला आहे. दूरसंचारला जी मुदत देता ती पाण्याला द्यायला काय अडचण आहे? राज्य महामार्ग, जिल्हा मार्ग, गावरस्ते हे सगळे तुमच्याच ताब्यात आहेत. एक खिडकी, एक अर्ज, समजा ४५ दिवस, त्यात हो किंवा नाही असं लेखी उत्तर. 'नाही' म्हणायचं असेल तर कारण लिहा. पण न बोलता बसून राहायचं, अन् मग विनापरवाना खोदलं की डोळेझाक करायची, ही पद्धत दोघांच्याही सोयीची आहे. खात्याला सही करावी लागत नाही. कंत्राटदाराला अटी पाळाव्या लागत नाहीत. मधल्यामध्ये मोटारसायकलवाला मरतो.

हे जमत नाही असं कुणी म्हणू नये, कारण आपल्याच जिल्ह्यात ते जमलेलं आहे. मेहकर, सिंदखेडराजा भागातून समृद्धी महामार्ग गेला. त्याच्या हद्दीत बाजूनं तीन मीटरची पट्टी अशा वाहिन्यांसाठी आधीच राखलेली होती. गेलची मुंबई-नागपूर गॅस वाहिनी ६९४ किलोमीटरची, त्यातली ६७५ किलोमीटर त्याच अरुंद पट्टीतून गेली. एवढा मोठा गॅसचा पाइप गेला आणि समृद्धीचं काँक्रीट कुणी फोडलं नाही. समृद्धीबद्दल माझ्या तक्रारी कमी नाहीत. १ जुलै २०२३ च्या रात्री पिंपळखुट्याजवळ बस जळून २५ माणसं गेली, ती आपण कुणीच विसरलो नाही. पण या एका बाबतीत त्यांनी आधी डोकं चालवलं, हे मान्य करायला हवं.

मग आपल्या जुन्या रस्त्यांचं काँक्रीटीकरण होताना हे का करत नाहीत? प्रत्येक गावाच्या फाट्यावर काँक्रीट ओतायच्या आधी रस्त्याखालून दोन-चार रिकामे पाइप आडवे टाकून ठेवायचे. एक पाण्याला, एक केबलला, एक विजेला, एखादा शेतकऱ्याच्या पाइपलाइनला. आपल्याकडं तर विहीर रस्त्याच्या अलीकडं आणि वावर पलीकडं असलेले शेतकरी गावोगाव आहेत. त्याला ओलितासाठी पाइप न्यायचा तर तो तरी परवानगी मागायला कुणाकडं जाईल? तो रात्री खोदतो. राजूर घाट चढून बुलडाण्याला चकरा मारण्यापेक्षा त्याला रात्र परवडते. त्याला गुन्हेगार म्हणायला माझी जीभ वळत नाही. पण त्याच्याही चरात सकाळी कुणाचं तरी चाक जातंच. काँक्रीट ओततानाच टाकलेल्या रिकाम्या पाइपाचा खर्च एकूण कामात चिल्लर आहे. नंतर पुशिंगचं मशीन आणायचं म्हटलं की छोट्या गावाच्या योजनेचं कंबरडं मोडतं.

केबल आणि पाइप एकमेकांना तोडतात तो वेगळा ताप. पाण्यावाल्यानं खोदलं की नेट बंद, केबलवाल्यानं खोदलं की पाणी बंद. देशभरात अशा न विचारता केलेल्या खोदाईनं वर्षाला सुमारे ३,००० कोटी रुपयांचं नुकसान होतं, हा केंद्र सरकारचाच अंदाज. त्यासाठी २२ मार्च २०२३ ला पंतप्रधानांच्या हस्ते 'कॉल बिफोर यू डिग' नावाचं ॲप सुरू झालं. खोदणाऱ्यानं आधी त्यात जागा टाकायची, म्हणजे तिथं ज्यांची वाहिनी आहे त्यांना निरोप जातो. आपल्याकडच्या जेसीबीवाल्याला या ॲपचं नाव विचारून बघा. तो म्हणेल, "कायचं ॲप बावा, मले तं शेट म्हनला खोद."

ब्रिटनमध्ये याचा कायदा १९९१ चा आहे. रस्ता खोदणाऱ्या कंपनीनं बुजवलेल्या जागेची दोन वर्षं हमी द्यायची, खोल चर असेल तर तीन वर्षं. जागा खचली की त्याच कंपनीनं येऊन नीट करायची. त्यांच्याकडं पैसा आहे, माणसं आहेत, आपली तुलना होत नाही, हे सगळं मान्य. पण हमीच्या कागदाला कितीसा पैसा लागतो? आपल्या परवानगीपत्रात 'किमान दोन पावसाळे' एवढे तीन शब्द टाकता येणार नाहीत?

आता पैशाची आणि जिवाची गोष्ट. सर्वोच्च न्यायालयासमोर २०१८ मध्ये आकडा आला होता, २०१३ ते २०१७ या पाच वर्षांत देशात खड्ड्यांमुळं १४,९२६ मृत्यू. सीमेवर जातात त्यापेक्षा ही माणसं जास्त असतील, असं न्यायालय म्हणालं होतं. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम १९८-ए आलं. रस्त्याची रचना, बांधणी, देखभाल ठरलेल्या निकषांप्रमाणं केली नाही आणि त्यामुळं कुणी मेलं किंवा अपंग झालं, तर जबाबदार यंत्रणेला, कंत्राटदाराला, सल्लागाराला एक लाखापर्यंत दंड. आणि १३ ऑक्टोबर २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयानं खड्डे आणि उघड्या मॅनहोलच्या प्रकरणात सांगितलं, मृत्यू झाला तर वारसांना ६ लाख, जखमीला ५० हजार ते अडीच लाख, आणि ती रक्कम जबाबदार अधिकारी-कंत्राटदाराकडून वसूल करा. ते प्रकरण मुंबईकडच्या रस्त्यांवरून निघालं होतं. पण खामगावजवळच्या न बुजवलेल्या चरात पडलेल्या माणसानंही याच निकालाचा आधार घेऊन भांडावं, असं माझं स्पष्ट मत आहे. चर हा मुद्दाम पाडलेला खड्डाच असतो. पावसानं पाडलेला खड्डा एकवेळ माफ करू, माणसानं पाडून तसाच सोडलेला कसा करणार?

फक्त अडचण अशी की भांडायला नाव लागतं. चर कुणी खोदला, कुणाच्या परवानगीनं खोदला, अटी काय होत्या, मुदत कधी संपली. हे सगळं त्या एका परवानगीपत्रात असतं. म्हणून मी या कागदामागं लागलोय. काही मित्रांना वाटतं, परवानगी म्हणजे बाबूंना चिरीमिरीची आणखी एक सोय. होतही असेल तसं. मी काही भोळा नाही, वीस वर्षं याच कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवतोय. पण परवानगीच नको म्हटलं तर तुमच्या-माझ्या हातात काहीच उरत नाही. कागद लपलेला असतो तोवर त्याच्यावर पैसे खाता येतात. तोच कागद कामाच्या जागी बोर्डावर लावला, तर खाणं जरा अवघड होतं.

तेव्हा मागणी साधी आहे. खोदकाम चालू आहे तिथं बोर्ड पाहिजे. काम कुणाचं, कंत्राटदार कोण, परवानगीपत्राचा क्रमांक आणि तारीख काय, रस्ता पूर्ववत करायची शेवटची तारीख कोणती, फोन कुणाला करायचा. सोबत बॅरिकेड, चकाकणारी पट्टी, रात्री लाल दिवा. रस्त्यावरच्या कामाच्या वेळी वाहतुकीची काळजी कशी घ्यायची यासाठी इंडियन रोड्स काँग्रेसचं एसपी ५५ हे मार्गदर्शक पुस्तक आहे, नवीन काही शोधायची गरज नाही. आपल्याकडं सध्या काय असतं? चार दगड आणि एक बाभळीची फांदी. तीही दुसऱ्या दिवशी कुणीतरी कुंपणाला नेतो.

बोर्ड नसेल तर काय करायचं, ते सांगतो. मोबाइलवर फोटो काढा. फोटोत किलोमीटरचा दगड किंवा गावफाट्याची पाटी आली पाहिजे, नाहीतर साहेब म्हणतात हे आमच्या हद्दीत नाही. मग माहिती अधिकाराचा अर्ज करा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दारिद्र्यरेषेखाली असाल तर तोही नाही. आधी रस्ता कुणाचा ते विचारून घ्या. चुकीच्या कचेरीत अर्ज गेला तरी तो योग्य ठिकाणी पाठवायची जबाबदारी त्यांची असते, हे लक्षात ठेवा. अर्जात लांबलचक भाषण लिहू नका. या रस्त्यावर अमुक किलोमीटर ते तमुक किलोमीटर खोदाईसाठी दिलेल्या परवानगीपत्राची आणि त्यातल्या अटींची प्रत द्या, पूर्ववत करण्यासाठी घेतलेली अनामत किंवा बँक गॅरंटी किती आणि ती परत केली का ते सांगा, काम झाल्यावर कुणी तपासणी केली त्याचा अहवाल द्या. बस. ३० दिवसांत उत्तर यायला पाहिजे. 'माहिती उपलब्ध नाही' असं उत्तर आलं तर नाराज होऊ नका, ते फार कामाचं उत्तर आहे. परवानगीच नव्हती, असं खात्यानं स्वतःच्या सहीनं लिहून दिलं असा त्याचा अर्थ.

सरपंच मंडळींसाठी एक वेगळं. तुमच्या गावची पाणी योजना उद्या तुमच्याच ताब्यात येणार आहे. ताब्यात घेताना टाकीची उंची आणि नळांची संख्या सगळे मोजतात. सोबत पाइप कुठून गेला त्याचा नकाशा आणि प्रत्येक रस्त्याच्या परवानगीची प्रत मागून घ्या. उद्या रस्ता रुंद व्हायला निघाला आणि तुमचा पाइप कागदावर नसेल, तर जेसीबी तो उपटून टाकील आणि तुम्हाला दाद मागायला पुरावा नसेल. पाइप हलवायचा खर्च ग्रामपंचायतीच्या बोडक्यावर बसेल, आणि तोवर गाव पुन्हा टँकरवर. कागद मिळाल्याशिवाय हस्तांतराच्या सहीला हात लावू नका.

आपल्या तेराही तालुक्यांतून असे फोटो आणि माहिती अधिकाराची उत्तरं माझ्याकडं पाठवा. रस्त्याचं नाव, किलोमीटर, तारीख लिहून. तुमचं नाव छापणार नाही. जमतील तशी एकेक रस्त्याची यादी इथंच टाकत जाईन. पहिला अर्ज मीच टाकतोय, चिखली-मेहकर रस्त्याचा. उत्तर आलं की, किंवा ३० दिवस उलटून नाही आलं तरी, इथं सांगतो.